कितवं आलं होतं?

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा गेले तीन आठवडे रोज दुपारी अडीच ते साडेतीन गिटार वाजवतो. म्हणजे नेमकी माझी वामकुक्षीची वेळ. वाजवतो तरी काय, तर तीच तीच सुरावट. झोपाळ्यासारखी पुढे जाते, मागे येते आणि तिसऱ्या वळणावर हमखास बोट घसरून 'ठक्' होतं. पहिले चार दिवस मी डोक्यावर उशी घेतली. पाचव्या दिवशी त्या 'ठक्'ची वाट बघत जागा राहिलो. सहाव्या दिवशी सुरावट ओळखीची वाटायला लागली आणि झोपेचं कायमचं खोबरं झालं.

जिन्यात गाठून विचारलं, "काय रे, ट्रेसी चॅपमन ना? 'फास्ट कार'?"

"नाही काका, ल्यूक कोम्ब्जचं आहे ते. अमेरिकेतला कंट्री गायक."

मी भांडलो नाही. (जिन्यात नाही भांडलो. घरी येऊन बायकोशी भांडलो, तिचा काही संबंध नसताना.) पण जाता जाता तोंडून निघून गेलंच, "कितवं आलं होतं रे याचं?"

"दुसऱ्या नंबरला गेलं होतं, अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत."

"ट्रेसीचं सहावं होतं," मी म्हणालो. आपल्याच मुलीचा निकाल शेजाऱ्याला सांगावा, त्या आवाजात.

ही 'कितवा'ची खोड आपली पिढीजात. या एका शब्दावरून आमच्या इंग्रजीच्या सरांना आम्ही किती छळलं असेल! "सर, राम दशरथाचा कितवा मुलगा, याचं इंग्रजी सांगा." सर फळ्याकडे तोंड करायचे, खडू उचलायचे आणि गृहपाठ द्यायचे. आता मजा बघा, ज्यांच्या भाषेत 'कितवा' विचारायला धड एक शब्द नाही, त्यांनीच दर आठवड्याला शंभर गाण्यांची 'कितवं' छापायचा उद्योग काढला. आपल्याकडे शब्द आहे, तर आपण तो पोरांच्या प्रगतिपुस्तकावर खर्च करतो.

तर ट्रेसीचं गाणं. १९८८ साली मी पुण्यात होस्टेलवर होतो. शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी भावानं परदेशातून आणलेली कॅसेट आली, तिची नक्कल, नकलेची नक्कल, असं करत ती माझ्यापर्यंत पोचली. तोवर गिटारच्या मागे पाऊस पडत असावा असं ऐकू यायचं. कितीतरी वर्षं मी तो पाऊस गाण्यातलाच समजत होतो. गाणारा पुरुष आहे की बाई, यावर एक अख्खी रात्र वाद झाला. मला इंग्रजी बेताचं, पण एवढं कळलं की गाडी हे निमित्त, गाणं म्हणजे एका मुलीचा हिशेब आहे. आई घर सोडून गेलेली, बाप पिणारा, त्याचं कोण करणार म्हणून मुलीनं शाळा सोडलेली. मग दुकानात नोकरी, जोडीदाराच्या गाडीतून गाव सोडायचे बेत, आणि शेवटी जोडीदारही बापाच्याच वळणावर.

ट्रेसी तेव्हा चोवीस वर्षांची. क्लीव्हलँडची मुलगी, शिक्षण मानववंशशास्त्राचं, आणि गाण्याचा रियाज म्हणाल तर हार्वर्ड स्क्वेअरच्या रस्त्यावर उभी राहून. पहिलाच अल्बम एप्रिलमध्ये आला होता. मग ११ जून उजाडला. लंडनच्या वेम्ब्लीवर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा सोहळा. उत्सवमूर्ती स्वतः दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात. ट्रेसीची गाणी होऊन गेली होती. पुढे स्टीव्ही वंडर यायचा होता, पण त्याच्या वाद्याची हार्ड डिस्क ऐन वेळी सापडेना, आणि तो मंचाकडे पाठ फिरवून निघाला. आता भरल्या मैदानाचं काय करायचं? तर या मुलीला पुन्हा पुढे ढकललं. एक गिटार, एक माइक. मागे वादक नाहीत. त्यानंतर गाणं जे चढत गेलं ते इंग्लंडात पाचव्या आणि अमेरिकेत सहाव्या नंबरावर जाऊन थांबलं.

सहावाच! आणि त्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेत पहिलं कोण होतं, तर जॉर्ज मायकलचं 'मंकी'. जॉर्ज मायकलशी माझं वैर नाही, पण माकडापुढे हरणं लागलं ते लागलंच. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ती दिल्लीला ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेच्या जलशात स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल यांच्या जोडीनं गाऊनही गेली. आम्ही इथे तिच्या नकलेच्या नकलेतला पाऊस ऐकत बसलो होतो आणि ती प्रत्यक्ष दिल्लीत! पत्ताच नाही.

पस्तीस वर्षांनी ल्यूकनं तेच गाणं जवळजवळ शब्द न बदलता गायलं. त्यानं ते लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये ऐकलेलं. २०२३ मध्ये ते कंट्री संगीताच्या रेडिओ-यादीत पहिलं आलं. एकटीनं लिहिलेलं गाणं तिथे पहिलं येणारी ट्रेसी ही पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. ४ फेब्रुवारी २०२४ ला ग्रॅमीत दोघं मिळून ते गायले. तिचे केस पिकलेले, आवाज तसाच, आणि ल्यूक बाजूला उभा राहून तिच्याकडे भक्तासारखा बघतोय. मी ते फोनवर चार वेळा पाहिलं. पाचव्यांदा बायकोनं विचारलं, "कोण आहे ही?" काय सांगणार?

त्याच महिन्याच्या २० तारखेला रेडिओवरच्या 'बिनाका गीतमाला'चे निवेदक अमीन सायानी गेले. त्या रात्री मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वही सापडली.

ही बिनाकाची वही, दर आठवड्याचे गाण्यांचे नंबर उतरवायची. खरं तर कार्यक्रमाचं नाव तोवर सिबाका झालं होतं, पण साताऱ्याला आमच्या वाड्यात बिनाकाच म्हणायचे. टूथपेस्टबरोबर मिळणारे प्लॅस्टिकचे हत्ती-उंट मर्फी रेडिओच्या डोक्यावर ओळीनं उभे असायचे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन. शॉर्टवेव्हचा आवाज समुद्रासारखा, जवळ येई, लांब जाई. पायदान, म्हणजे गाण्याचा नंबर, नेमकी जाहीर व्हायला आणि खरखर सुरू व्हायला एकच गाठ पडे. मग "सातवी म्हणाले", "छे, आठवी", अशी जुंपायची. एकमत झालं नाही तर वहीत त्या जागी नुसती रेघ मारायची, असा नियम होता. शेवटी बिगूल वाजला की आजी आतून ओरडायची, "कोण रे आला पहिला?" तिच्या लेखी ती परीक्षाच होती. दुकानांतून रेकॉर्डी किती खपल्या, गावोगावचे श्रोता संघ काय म्हणतात, यावर नंबर लागत हे तिला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला होता. "म्हणजे मार्क्स दुकानदार देतात?" असं विचारून तिनं तो विषय संपवला. बरोबरच होतं तिचं. तेव्हा अमेरिकेतसुद्धा दुकानदारांनी कळवलेल्या आकड्यांवरच बरंचसं चालायचं.

नियम ताईनं केला होता. ताई म्हणजे माझी आत्येबहीण. आत्या गेल्यावर ती आणि आतोबा वाड्यातल्याच मागच्या दोन खोल्यांत राहायचे. वही तिची, अक्षर तिचं, मी नुसता कान. पहिल्या नंबराला लाल शाई. वर्गातही कायम पहिली असायची, त्यामुळे "कितवी आलीस?" हे तिला कुणी विचारायचंच नाही.

वहीत ८ जुलै १९८१ चं पान आहे. नवव्या नंबरापर्यंत तिचं ठसठशीत अक्षर. मागच्या दारानं कुणीतरी हाक मारली. आतोबांना चौघांनी उचलून आणलं होतं, नाक्यावरच्या गुत्त्यातून. तिनं पेनाला टोपण लावलं, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत गेली नाही. दहावीचं वर्ष होतं. बुधवारी आठला ती त्यांना भरवत असायची.

परवा फोन केला. नाशिकला असते, गुडघे दुखतात, नातवंडं छळतात. "ताई, बिनाकाची वही सापडली," म्हटलं. "कसली रे वही?" म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवते म्हणाली.

त्या पानावर आठ, सात, सहा, पाच यांच्यासमोर रेघा आहेत. चौथ्यापासून पुढे माझं तिरपं अक्षर.

त्या बुधवारी खरखर मात्र अजिबात नव्हती.