शंभर दिनारांची थकबाकी

परदेशात नव्याने आलेल्या माणसाला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला 'परका' फार लवकर ओळखीचा होतो. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, या सगळ्यांबरोबर प्रभू येशू परक्याला घरात घेण्याचंही नाव घेतो. मायदेशी असताना हे वाचलं की आपण दार उघडणारे असायचो. इथे बॅगा घेऊन दाराबाहेर आपणच! मला इथल्या चर्चच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने खोली मिळेपर्यंत ठेवून घेतलं, थंडीचा कोट दिला, वर बँकेचे फॉर्म भरायलाही सोबत आले.

अशी दया करणं तसं जड जात नाही. घेणारा आभार मानतो, देणाऱ्यालाही बरं वाटतं. खरी पंचाईत होते ती ज्याने आपल्याला बुडवलं तोच दारात येतो तेव्हा.

आम्ही तिघे एकत्र राहायचो. त्यातला एकजण भाड्याचा वाटा थकवून निघून गेला, फोन बंद. भुर्दंड आम्हा दोघांना. काही महिन्यांनी त्याचाच फोन: नोकरी गेलीय, चार दिवस येऊ का राहायला?

मत्तय 18 मध्ये येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला क्षमा किती वेळा करायची, सात वेळा? येशू म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा, आणि लगेच त्या निर्दय चाकराची गोष्ट सांगतो. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे जन्मात न फिटणारं कर्ज सोडलं, आणि बाहेर पडताच याने शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरला. प्रवचनात हे शंभर दिनार बरेचदा चिल्लर म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. शंभर म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. आमची थकबाकीही एवढी नव्हती. 'तुझं असं काय मोठं गेलं' असं येशू म्हणतच नाही. गेलं ते गेलंच, हे धरून तो सोडायला सांगतो.

मी त्याला ये म्हटलं. माझे पैसे सोडले, आणि पहिल्याच संध्याकाळी तसं सांगूनही टाकलं. नाहीतर चारही दिवस तो नजर चुकवत फिरला असता. दुसऱ्या मित्राने मात्र आपला वाटा सोडला नाही. त्याच्या पगारावर घरचे अवलंबून आहेत, त्याला ते परवडणारं नव्हतं. त्याच्या वतीने क्षमा करणारा मी कोण? तिघे बसलो आणि महिन्याचा हप्ता ठरवला. पहिला वेळेवर आला. दुसऱ्या हप्त्याची आठवण करून द्यावी लागली, ती मीच दिली.