तीन साइट, चार प्रॉप सेट आणि एक रिसोर्स पूल

समजा बाणेर, वाकड आणि रावेतला एकाच बिल्डरच्या तीन इमारती चालू आहेत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिघींच्या तीन फायली आहेत आणि तिन्ही कागदावर वेळेत आहेत. असतीलच, कारण गोदामातले सगळे प्रॉप (स्लॅबला खालून टेकू देणारे खांब) आपलेच, असं प्रत्येक फाइल धरून चालते.

अशा वेळी बहुतेक जण आधी मजुरांचा हिशोब मांडतात. मजूर कमी पडले तर मुकादम दुसरी गँग उभी करतो. अडतं ते स्लॅबखाली उभ्या असलेल्या सामानावर, ज्याच्याजवळ कुणी काम करताना दिसतही नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांच्या खाली गेलं नसेल, तर स्लॅबच्या प्लेटा (ज्यांवर काँक्रीट ओततात त्या) ३ दिवसांनी काढता येतात, पण प्रॉप लगेच परत लावायच्या अटीवर. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याखाली (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) प्रॉप ७ दिवस हवेत, त्याहून मोठ्या गाळ्याखाली १४. बीमखाली ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर मुदत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. म्हणजे प्लेट आणि प्रॉप ही दोन वेगळी रिसोर्स (साधनं) झाली. ‘शटरिंग’ नावाच्या एका ओळीत दोन्ही कोंबलीत की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता आकडेमोड. सेंट्रिंग (प्रॉप-प्लेटा उभारणं) ६ दिवस, सळई ४, काँक्रीट १, म्हणजे कामाचे ११ दिवस. रविवार धरून साधारण १३. प्रॉप आणखी १४ दिवस उभे राहणार, म्हणजे एक सेट (एका स्लॅबला पुरतील एवढे प्रॉप) २७ दिवस अडकला. दर १८ दिवसांनी स्लॅब टाकायचा असेल तर एका इमारतीला दीड सेट लागतो, तिघींना साडेचार. गोदामात आहेत चार. चार सेट सारखे फिरवले तर प्रत्येक इमारतीचं चक्र २० दिवसांच्या थोडं वर जातं आणि दहा मजल्यांत बावीस-तेवीस दिवस जातात. बाणेरला तिचे दीड सेट पूर्ण दिले तर उरलेल्या दोघींच्या वाट्याला सव्वा-सव्वा येतो, चक्र २१.६ दिवसांचं होतं आणि दहा मजल्यांत ३६ दिवस जातात. यातलं काय पत्करायचं ते मालकाने ठरवायचं. सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर ते स्वतःच्या नियमाने ठरवून मोकळं होतं.

मांडणी अशी. एकही काम नसलेली रिकामी फाइल करा, तिच्यात फक्त रिसोर्स भरा. हाच सगळ्यांचा सामाईक रिसोर्स पूल. तिन्ही फायलींमधून ‘शेअर रिसोर्सेस’ने ही फाइल जोडा आणि मतभेद झाला तर पूलचं चालेल, हा पर्याय निवडा. नवीन रिसोर्स आपोआप तयार होण्याची सोय बंद ठेवा. नाहीतर कुणीतरी ‘प्रॉप सेट’ऐवजी ‘प्रॉपसेट’ टाइप करतं आणि गोदामात कागदावरच पाचवा सेट येतो. प्रॉपचा प्रकार ‘वर्क’ ठेवा, कमाल मर्यादा ४००% (एक सेट म्हणजे १००%). सामान म्हणून ‘मटेरियल’ निवडायचा मोह होतो, पण मटेरियलला मर्यादाच नसते, त्यामुळे टक्कर कधीच दिसत नाही. फायलींची नावं आणि फोल्डर पहिल्या दिवशी ठरवा. नंतर हलवले की जोडण्या तुटतात.

सगळ्यात नाजूक भाग पुढे आहे. प्रॉप सेंट्रिंग, सळई आणि काँक्रीट या तिन्ही कामांना वेगवेगळा लावला, तर लेव्हलिंग (टक्कर मिटवायला कामं पुढे सरकवणारी सॉफ्टवेअरची सोय) सळईचं काम चार दिवस पुढे ढकलतं आणि मधल्या चार दिवसांत तोच सेट वाकडला देऊन टाकतं. प्रत्यक्षात तो बाणेरच्या प्लेटांखाली उभा! म्हणून ‘प्रॉप ताबा’ असं २७ दिवसांचं एकच काम करा, प्रॉप फक्त त्यालाच लावा आणि त्याच्या सुरुवातीला सेंट्रिंगची सुरुवात बांधा. ताबा पुढे सरकला की सेंट्रिंगही सरकतं. काम लांबलं तर ताब्याचे दिवस मात्र हाताने वाढवावे लागतात. या कामाला आणि प्रॉपला सातही दिवसांचं एकच कॅलेंडर द्या. ‘इलॅप्स्ड’ दिवस वापरू नका, त्यात दिवस २४ तासांचा धरला जातो आणि प्रॉपचे तास तिप्पट दिसतात. दिवाळी-छठला गँग गावी जाते, ती सुट्टी मजुरांच्या कॅलेंडरमध्ये टाका. प्रॉप दिवाळीतही स्लॅबखालीच असतात.

लेव्हलिंग नेहमी हाताने चालवा, ‘ऑटोमॅटिक’ कधीच नको. आधी बेसलाइन, म्हणजे मूळ वेळापत्रकाची नोंद, जतन करा. तिन्ही फायली एका मास्टर फाइलमध्ये घाला, प्रत्येक प्रकल्पाला प्राधान्याचा आकडा द्या (० ते १०००, मुळात ५००) आणि क्रम ‘प्रायॉरिटी, स्टँडर्ड’ ठेवा. १००० दिलेल्याला लेव्हलिंग हातच लावत नाही, म्हणून बाणेरला ७०० पुरे. उरलेल्या कामाचे तुकडे पाडायची परवानगी काढून घ्या. मग फक्त प्रॉप सेट निवडून लेव्हल करा. सगळी रिसोर्स एकदम लेव्हल केलीत तर इमारत पुढच्या दशकात पूर्ण होताना दिसेल. महारेराला दिलेली तारीख ‘डेडलाइन’ म्हणून टाका. ‘मस्ट फिनिश ऑन’ लावलं की ते काम तारखेला खिळतं आणि मागची घसरण झाकली जाते.

प्रायमाव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे प्रकल्प एकाच डेटाबेसमध्ये असतात, पूलची कसरत नाही. पण तिथेही लेव्हल करताना बाकीच्या प्रकल्पांचा विचार करायचा पर्याय आठवणीने चालू करावा लागतो. तीन इमारतींसाठी तेवढा खर्च मला पटत नाही.

दर शनिवारी साइटवरून टक्के मागू नका. ‘ऐंशी टक्के झालं’ यावरून काही कळत नाही. काम कधी सुरू झालं आणि अजून किती दिवस लागतील, एवढंच विचारा. मग स्टेटस डेट (माहिती ज्या तारखेपर्यंतची आहे ती) टाकून न झालेलं काम त्या तारखेपुढे ढकला. हे राहिलं तर न झालेला स्लॅब मागच्याच आठवड्यात पडून राहतो आणि त्याचे प्रॉप मोकळे दिसतात.

आणि महिन्यातून एकदा गोदामात मोजणी करा. प्रॉप वाकतात, पिना हरवतात, एखादा सेट भाड्याने बाहेर जातो. रिसोर्सच्या उपलब्धतेच्या तक्त्यात तारखेनुसार आकडा बदलता येतो: अमुक तारखेपर्यंत ४००%, पुढे ३५०%.