गौरव ‘दीन’ होऊ नये म्हणून

२७ फेब्रुवारी जवळ आला की शाळेत फळा रंगवायची लगबग सुरू व्हायची. कुसुमाग्रजांचा जन्म १९१२ सालचा, याच तारखेचा, म्हणून हा मराठी भाषा गौरव दिन. रंगीत खडूने अक्षरं काढताना कुणाच्या तरी हातून ‘दीन’ व्हायचंच. मराठीच्या बाई तिथल्या तिथे थांबवायच्या. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे केविलवाणा. पुसा, परत लिहा.

खरी रंगत श्रुतलेखनाची. पन्नास शब्द, प्रत्येक दोनदा वाचायचा, मग मनात दहापर्यंत मोजून पुढचा. वाचणाऱ्याने दीर्घ ओढून दाखवला तर स्पर्धेत अर्थ नाही, आणि सपाट वाचला तर ‘सुत’ की ‘सूत’ कळायला मार्ग नाही. म्हणून असे शब्द जोडीने द्यायचे: दशरथाचा सुत, चरख्यावरचं सूत.

तपासताना चुकीभोवती नुसता गोल करून भागत नसे, शब्द फोडून दाखवावा लागे. ‘परीक्षा’पाशी सगळ्यात जास्त मुलं घसरायची, कारण परिसर, परिणाम डोळ्यांत बसलेले. पण इथे परि + ईक्षा, दोन्ही स्वर मिळून दीर्घ ई. तत् + ज्ञ म्हणून तज्ज्ञ, महत् + त्व म्हणून महत्त्व. आशीर्वादाचा रफार चुकला की शब्द मोठ्याने म्हणायचा: र् येतो ‘शी’नंतर, ‘वा’च्या आधी, म्हणून रफार ‘वा’च्या डोक्यावर. ‘मूल’चं ‘मुलाला’ लिहितो, मग ‘गीत’चं ‘गिताला’ का नाही? गीत संस्कृतातून जसंच्या तसं आलं, त्याची ई सामान्यरूपातही दीर्घच राहते. नुसते नियम घोकून लेखन सुधारत नाही. शब्दाचं कूळ कळलं की हात आपोआप नीट वळतो.

भिंतीवर सुतळीला चिठ्ठ्या टांगलेल्या असत, पुढे शब्द, मागे त्याचं गाव. चावी, पगार, लिलाव, घमेलं पोर्तुगिजांकडचे, अर्ज अरबीतला, अडकित्ता कानडी. नादसाम्यावरून मूळ ठरवायचा मोह फार. ‘परात’ पात्रावरून आली असं हमखास कुणी लिहून आणायचं, निघायची तीही पोर्तुगीज. त्यामुळे कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश उघडल्याशिवाय एकही चिठ्ठी टांगायची नाही, हा बाईंचा दंडक. सगळे थबकायचे ते ‘तुरुंग’पाशी. पोर्तुगिजांच्या ‘त्रोंकु’चा अर्थ झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचं लाकूडही. आपल्याकडेही खोड आणि खोडा आहेतच की!

शेवटी शब्दांच्या भेंड्या. ‘ळ’ने किंवा ‘ण’ने सुरू होणारा मराठी शब्द सापडत नाही, म्हणून ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘ण’ला ‘न’ चालवायचा. तरी पहिल्याच फेरीत कुणीतरी ‘कमळ’ टाकायचं आणि समोरची बाजू विचारात पडायची.