त्या घरातली माणसे

काल रात्री आईने एक प्रश्न विचारला आणि तो अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून लिहीत बसलो आहे. या आठवड्यात वावरातली विजेची लाइन रात्रीची आहे. बारा वाजेपर्यंत जागायचे आणि मग हरभऱ्याचे ओलीत करायला निघायचे, असा क्रम चालू आहे. तोवरचा वेळ मी ‘फॉलआउट ४’ हा लॅपटॉपवरचा खेळ खेळण्यात घालवतो. काल आईला झोप येत नव्हती, म्हणून ती माझ्या खाटेवर येऊन बसली आणि लॅपटॉपकडे पाहू लागली. मी तेव्हा एका पडक्या घरात शिरलो होतो. कपाट उघडले, टेबलफॅन उचलला, टाइपरायटर उचलला, भिंतीजवळची पेटी रिकामी केली. आतल्या खोलीत पलंगावर दोन सांगाडे शेजारी शेजारी निजलेले होते. मी उशाजवळचा खणही तपासला.

“घरातले मानसं कुठी गेले?” आईने विचारले.

मेलेली आहेत, असे मी सांगितले. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “त्याइच्या मांगं कोनी नाई काय?”

तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. शेजारच्या गावी कुणी गेल्याचे कळल्यावर ती जसे विचारते, अगदी तसेच तिने विचारले आणि ती झोपायला गेली.

या खेळातल्या जगात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्ध होते. आपण जमिनीखालच्या तळघरात गोठलेल्या अवस्थेत राहतो आणि २१० वर्षांनी, २२८७ मध्ये, बॉस्टनजवळच्या आपल्याच घरी परततो. घरातला यंत्रमानव तिथेच असतो. पहिली काही वर्षे आपण फरशी पुसून चकचकीत ठेवण्याचा प्रयत्न केला, असे तो सांगतो. मी हा खेळ तीनदा पहिल्यापासून सुरू केला आणि तिन्ही वेळा त्या यंत्रमानवापाशी थांबलो. पण नंतरच्या अर्ध्या तासात मीच शेजाऱ्यांची कोसळलेली घरे मोडतो, कारण लाकूड आणि लोखंड त्यातूनच मिळते. हातपंप मातीवर कुठेही बसवला तरी ३ एकके पाणी देतो, लावलेला मका करपत नाही, आणि जे काही वाईट व्हायचे होते ते आपण येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. ही मालिका १९९७ पासून चालू आहे. म्हणजे ही ओढ माझ्या एकट्याची नसावी. आमच्याकडे तीनशे फूट बोअर कोरडी गेली, त्या वर्षी मी हा खेळ सर्वांत जास्त खेळलो. त्याविषयी आज लिहीत नाही.

मला सलते आहे ते वेगळेच. परवा आमच्या मोटरच्या स्टार्टरचा फ्यूज उडाला. फ्यूजची तार बाबांच्या लोखंडी पेटीत आहे, हे मला माहीत होते. ती पेटी कोठ्यात, कडबा कापण्याच्या यंत्रामागे ठेवलेली आहे. तरी मी दहा रुपयांच्या तारेसाठी नऊ किलोमीटर सायकल मारून बाजारात गेलो. परक्यांची शेकडो कपाटे मी क्षणाचाही विचार न करता उघडली असतील. खेळात ओझ्याला मर्यादा असते, मर्यादेपलीकडे उचलले की पळता येत नाही, म्हणून काय ठेवावे आणि काय टाकावे याचा हिशोब मी रात्र रात्र करतो. घरातल्या एका पेटीपुढे मात्र माझा हात चालत नाही. दादा फोनवर म्हणतो की भंगारवाल्याला देऊन टाक. त्याला पुण्यात बसून ते म्हणता येते. इथे राहिलेल्याच्या वाट्यालाच ही कामे का यावीत, असा विचार रात्री दांडातून पाणी फिरवताना सारखा मनात येत होता, आणि मला स्वतःची फार कीव आली.

पहाटे लाइन गेली तेव्हा धुऱ्यावर बसून राहिलो. आईने विचारले ते त्या सांगाड्यांविषयीच विचारले, त्यात दुसरा अर्थ शोधणे बरोबर नाही, असे तेव्हा वाटले. त्यांच्या मागे कोणी नाही, म्हणूनच मी तिथे मोकळेपणाने हात घालू शकतो. बाबांच्या मागे मी आहे. उचलायला जड वाटणारच. त्यात माझ्यावर काही अन्याय झालेला नाही.

दुपारी पेटी बाहेर ओढली. कडी गंजली होती, तिला तेल सोडून पाना मारावा लागला. आत तारेची वेटोळी जाडीप्रमाणे लावलेली होती आणि प्रत्येक वेटोळ्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. एकावर ‘५ एचपी’ असे बाबांच्या अक्षरात होते, पाचाचा आकडा नेहमीसारखा खालून उघडा. ती तार मी परत ठेवली. स्टार्टरला सध्या बाजारातली लावलेली आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्क्रू होते. खेळात पंखे आणि टाइपरायटर मोडून मी ज्यांच्यासाठी वणवण करतो तेच स्क्रू, तेलाच्या चिंधीत गुंडाळलेले.

आई दाराशी येऊन उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दाराची कडी दिवाळीपासून लोंबते आहे, त्यातला एखादा बसतो का पाहा, असे म्हणाली. दोन लागले.