धुराचा पत्ता

रविवार, रात्र

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात असलेल्या माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानातल्या माउंट फ्रीमाँटच्या चौकीचा विषय निघाला की बोलणं देखाव्यावर घसरतं. समोर 14,410 फुटांचा बर्फाळ ज्वालामुखी उभा असल्यावर दुसरं काय होणार! पण 1934 साली सुमारे 7,200 फुटांवर ही लाकडी दुमजली चौकी बांधली ती वणवा हेरायला. खाली सामान, वर चारी बाजूंनी काचा, भोवती सज्जा. वरच्या खोलीत सगळी मांडणी एका यंत्राच्या सोयीनं व्हायची. खाट, चूल, कपाट हे सगळं खिडकीच्या खाली, कारण त्या यंत्रावरून जाणारी नजर कुठे अडता कामा नये.

यंत्राचं नाव ऑस्बोर्न फायर फाइंडर. विल्यम ऑस्बोर्न अमेरिकी वनखात्यातले, यंत्र 1910च्या दशकातलं. 1910च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-माँटाना भागात दोन दिवसांत 30 लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं, किमान 85 माणसं गेली. वणवा लहान असतानाच सापडला पाहिजे, हे त्यानंतर खात्याच्या डोक्यात पक्कं बसलं आणि डोंगरमाथ्यांवर चौक्या उभ्या राहू लागल्या.

यंत्र म्हणजे लोखंडी गोल तबकडी. तिच्यावर परिसराचा नकाशा, नकाशाच्या बरोबर केंद्रात आपली चौकी. कडेनं 0 ते 360 अंशांच्या खुणा, आणि त्यावर फिरणारं कडं. कड्याला समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या: डोळ्याकडच्या पट्टीत बारीक फट, पलीकडच्या चौकटीत ताणून बसवलेला घोड्याचा केस. बंदुकीच्या माशीसारखाच प्रकार. फटीतून पाहत कडं फिरवायचं, केस धुराच्या बुडाशी आला की थांबायचं आणि कडेवरचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, वाचायचा. बुडाशी म्हणजे बुडाशीच. वरचा धूर वाऱ्यानं वाहत गेलेला असतो, त्यावर नेम धरला की माणसं भलत्याच दरीत उतरतात.

आता खोलीच्या कोपऱ्यातला खांब नेमका धुराच्या आड आला तर? म्हणून तबकडी दोन रुळांवर बसवलेली असते, ती काही इंच सरकवून घ्यायची. सरकवल्यानं वाचन बिघडत नाही, कारण मैलोगणती अंतरात ते चार इंच कुठल्या कुठे हरवतात. तबकडी जरा जरी *फिरली* तर मात्र घोटाळा. एक अंशाची चूक 10 मैलांवर जवळजवळ 280 मीटर होते, म्हणजे झाडी दाट असेल तर अख्खा दिवस वाया. म्हणून दिगंश माहीत असलेल्या एखाद्या लांबच्या शिखरावर नेम धरून तबकडी खऱ्या उत्तरेला जुळवून ठेवायची, आणि ती जागेवर आहे ना हे वरचेवर तपासायचं. होकायंत्रावर विसंबून चालत नाही. या भागात त्याची सुई आजही खऱ्या उत्तरेपासून 15 अंशांच्या आसपास पूर्वेकडे झुकते, आणि खोलीत लोखंडही भरपूर.

एका चौकीवरून दिशा मिळते, अंतर नाही. दुसऱ्या चौकीनं तोच धूर पाहिला की दोन रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग. रेषा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर उत्तम. अगदी चिंचोळा कोन पडला तर छेद इतका लांबट होतो की पत्ता निम्माच कळला म्हणायचं. दुसरी चौकी धुक्यात असेल तर मग पुढून मागे डोंगरधारा मोजायच्या: धूर कितव्या धारेच्या आडून येतोय, नजरेचा उतार किती, आणि ती रेषा नकाशावर कुठे टेकते.

सगळ्यात जास्त फसवतं ते पावसानंतरचं धुकं. दरीतून वर येणारे पांढरे पुंजके लांबून हुबेहूब धुरासारखे दिसतात. फरक मुळाशी: धूर एकाच जागेहून उठत राहतो, पुंजका जागा सोडतो. वाट पाहायची, पण फार नाही. वीज पडलेल्या जागेचा दिगंश लिहून ठेवायचा आणि पुढचे कित्येक दिवस तिकडे पाहायचं. खोडाच्या आत धुमसणारी आग सकाळच्या दमट हवेत गप्प असते, दुपारी हवा कोरडी झाली की डोकं वर काढते. आपल्याकडे वणव्याचे दिवस फेब्रुवारी ते मे. तिथे जुलै ते सप्टेंबर, म्हणजे सह्याद्री चिंब असताना.

सोमवार

विजेबद्दल काल राहिलं. चौकी म्हणजे उघड्या धारेवरचं सर्वांत उंच टोक. छपरावरून तांब्याची तार भिंतींवरून खाली आणून जमिनीत न्यायची, आणि चूल, खाट, धुराडं असं जे जे धातूचं ते सगळं त्याच तारेला जोडायचं. अडचण अशी की माथ्यावर नुसता खडक. कोरड्या खडकात अर्थिंग मिळत नाही, ओल असेल तिथवर तार उतारावर न्यावी लागते. वादळ डोक्यावर आलं की टेहळ्या स्टुलावर बसायचा. स्टुलाच्या चारी पायांना काचेच्या वाट्या, कारण काचेतून वीज वाहत नाही. टेलिफोन आधीच खटक्यानं तोडून ठेवायचा, कारण मैलोन् मैल झाडांवरून आलेली तार वीज थेट घरात आणते. ती तार मुद्दाम ढिली सोडत. झाड कोसळलं तरी तार तुटू नये, नुसती खाली दाबली जावी. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही ढिली तार सर्वांत हुशारीची वाटते.

जाणाऱ्यांसाठी: उद्यानातल्या सनराइझ या पर्यटक-केंद्रापासून जाऊन-येऊन 5.6 मैल. वाटेत फ्रोझन लेक लागतं, पण ते सनराइझचं पिण्याचं पाणी आहे, कुंपणाबाहेरच राहायचं. धारेवर पाणी नाही, ते बरोबर न्यायचं. जुलैच्या सुरुवातीला वाटेवर बर्फाचे पट्टे असू शकतात. ढग गडगडायला लागले तर चौकीच्या सज्ज्यात आडोसा शोधत बसू नये, धार सोडून खाली उतरावं.