यकृतापासून कॅव्हिओलिन-३ पर्यंत: माझ्या निदानाचा अनुभव

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझे एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ती दोन एन्झाइम्स) दुपटीहून जास्त निघाले आणि तिथून माझ्यावर यकृताचे उपचार सुरू झाले. दारूला मी कधी शिवलेलो नाही. सोनोग्राफीत किंचित चरबी दिसली होती, तेवढ्यावर तेल-तूप बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या. आकडे काही हलेनात. बरेच महिने यातच गेले.

वाट बदलली ती नाशिकच्या एका फिजिशियनमुळे. त्यांनी सगळे जुने रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "ही दोन्ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. यकृत बिघडलं की वाढणारं जीजीटी तुमचं नॉर्मल आहे, बिलिरुबिनही नॉर्मल आहे. सीपीके कुणी केलाच नाही का?" केलाच नव्हता. सीपीके म्हणजे स्नायूंतलं एक एन्झाइम, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं. तो आला १,४०० च्या वर; वरची मर्यादा साधारण २०० च्या आसपास असते. जड व्यायाम, स्नायूत घेतलेलं इंजेक्शन, थायरॉइड, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळी, यांनीही सीपीके वाढतो. त्यातलं काहीच नव्हतं, आणि विश्रांतीनंतर पुन्हा केला तरी आकडा तसाच. मग पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे.

त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "बराच वेळ बसून उठलात की पाय ताठतात का?" ताठतात. एसटीतून उतरल्यावर पहिली काही पावलं मी चवड्यांवरच टाकतो; ती सवय आहे असं घरात सगळे धरून चालले होते. त्यांनी रबरी हातोडी मांडीवर हलकेच मारली. मार बसला तिथे स्नायूचा उंचवटा उठला आणि काही सेकंद तसाच राहिला. मग पाय आखडून एकदम ताणायला सांगितला, तर कातडीखालून एक लाट सावकाश सरकत गेली. मी स्वतःच्या मांडीकडे बघत राहिलो.

ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंतली विजेची हालचाल टिपणाऱ्या तपासणीच्या वेळी खरी गोष्ट कळली. मांडीत सुई होती. मी पाय आवळला की मशीनमधून खरखर आवाज यायचा. लाट सरकत असताना मात्र मशीन गप्प. स्नायू डोळ्यांदेखत हलतोय आणि विजेची हालचाल नाही! डॉक्टरांनी निदानाचा अंदाज तिथेच सांगितला, रिपलिंग मसल डिसीज, म्हणजे स्नायूंत लाटा उठण्याचा आजार, आणि कॅव्हिओलिन-३ हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी जे समजावलं ते मला आजही तोंडपाठ आहे. पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणावर, ५० ते १०० नॅनोमीटरचे इवलेसे खळगे असतात, त्यांना कॅव्हिओली म्हणतात. १९५३ साली जॉर्ज पॅलेड यांनी ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. कॅव्हिओलिन आणि कॅव्हिन ही प्रथिनं मिळून हे खळगे घडवतात. कॅव्हिओलिन-३ हा स्नायूंतला प्रकार, हृदयाच्या स्नायूतही असतो. चालताना साडीच्या निऱ्या मोकळ्या होऊन पावलाला जागा देतात, तसे स्नायू ताणला की हे खळगे सपाट होतात आणि पटलाला जास्तीची जागा मिळते, पटल फाटत नाही. २०११ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी हे दाखवलं, आणि कॅव्हिओलिन-३ मध्ये दोष असलेल्या रुग्णांच्या स्नायूपेशींना हा ताण झेलता येत नाही हेही. जपलं न गेलेलं पटल गळतं, आतला सीपीके रक्तात येतो. माझ्या रिपोर्टमधल्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा कुठे लागला.

जनुकीय चाचणीला रक्त दिलं. त्याआधी समुपदेशक बाईंनी तीन पिढ्यांची वंशावळ काढून घेतली. पण रिपोर्ट आला तो अर्धवटच: सीएव्ही-३ जनुकात एका अक्षराचा बदल आहे, पण तो रोगकारक आहे की नाही हे अनिश्चित. इतका खर्च करून हाती हे? मी खचलो होतो, खोटं कशाला सांगू. बाई म्हणाल्या, "आता उत्तर तुमच्या घरच्यांकडे आहे."

बाबांचा सीपीके वाढलेला निघाला. संगमनेरच्या आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अरे बाळा, माझ्या पोटऱ्यांत लहानपणापासून असं वळवळतं. आई म्हणायची वात आहे, तेल चोळ." काकांना कसलाच त्रास नव्हता. तिघांच्या रक्तात फक्त तो एकच बदल तपासला. ही चाचणी पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडते. बाबांत आणि आत्यात तो आहे, काकांत नाही. माझ्या मांडीच्या बायोप्सीत कॅव्हिओलिन-३ जवळजवळ रंगलंच नाही, म्हणजे ते स्नायूत फारसं नव्हतंच. हे सगळं एकत्र लॅबला पाठवल्यावर सुधारित रिपोर्ट आला: 'रोगकारक असण्याची दाट शक्यता'. म्हणून कळकळीने सांगतो, अनिश्चित म्हणून आलेला रिपोर्ट कपाटात ठेवू नका. भावंडं, आई-वडील, आत्या-मावश्या, सगळ्यांना विचारा.

आईकडून आलेली जनुकाची प्रत चांगली असतानाही आजार का होतो, हेही मी विचारलं. बिघडलेलं प्रथिन पेशीत वाटेतच अडकतं आणि चांगल्यालाही सोबत अडकवतं. त्यामुळे दोनांपैकी एक प्रत बिघडली तरी पुरे. मुलांत येण्याची शक्यता ५० टक्के. माझ्या लेकीला काही लक्षण नाही. तिची चाचणी आम्ही आत्ता करणार नाही. मोठी झाली की ती ठरवेल.

वाचनात पुढे आलं की याच खळग्यांच्या प्रथिनांत बिघाड झाला तर आजार किती वेगवेगळे होतात. कॅव्हिओलिन-१ किंवा कॅव्हिन-१ बिघडलं तर शरीरातली चरबीच नाहीशी होते, कारण चरबीच्या पेशींत हे खळगे खच्चून भरलेले असतात. कॅव्हिओलिन-१ च्या काही बदलांचा संबंध फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबाशीही आहे.

या आजारावर औषध नाही. माझा त्रास मात्र सौम्य आहे. काहींच्या खांद्या-कमरेचे स्नायू हळूहळू कमजोर होतात, म्हणून ताकद नियमित तपासून घेतो. हृदयासाठी ईसीजी आणि एको होतात, ईसीजीत क्यूटीचं अंतर (हृदयाच्या एका ठोक्यातला विजेचा ठरावीक कालावधी) मुद्दाम मोजायला सांगतो. यकृताच्या गोळ्या बंद झाल्या. आत्याच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. त्याने आधी सीपीके करून घेतला, तो वाढलेलाच आला, आणि माझ्या रिपोर्टची झेरॉक्स भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे पोचवली आहे.