आधी भरलेली पाकिटं

दुपारी सव्वाचारला ड्रमरचा फोन आला तेव्हा मी मागच्या जिन्यात उभी राहून बीअरचे रिकामे क्रेट हलवून घेत होते.

"ताई, गाडी घाटकोपरला उभी आहे. अर्धा तास झाला. कुर्ल्याला रुळांवर पाणी आहे म्हणतायत. डब्यातले निम्मे लोक उतरून परत फिरले."

तो राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात. बँडमधले बाकीचे तिघे सकाळीच निघून पोचले होते, हा हाफ डे टाकून येत होता. परत फिरू का, असं त्यानं विचारलं नाही, पण आवाजात ते होतं.

"स्नेअर, पेडल, सिम्बल्स सगळं आहे ना जवळ? मग उतर. तिथूनच मेट्रो पकड, अंधेरीला ये आणि चर्चगेटकडची स्लो पकडून खार रोडला उतर. वेस्टर्न चालू आहे."

फोन ठेवला आणि पुन्हा क्रेटकडे वळले. खारमधल्या एका बारचा पहिला मजला, जुलैतला गुरुवार, आणि स्वतःच्या जोखमीवर लावलेला माझा पहिला शो. गुरुवार का, तर शुक्रवार-शनिवारी डीजेवर बार भरतो, त्यामुळे स्वतःची गाणी वाजवणाऱ्या पोरांना, त्यातून मराठीत गाणाऱ्यांना, आठवड्याच्या मधलाच वार मिळतो. मला हे अजूनही पटत नाही. तो जिना म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट होती आणि तिथे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत माल रचून ठेवला होता. मॅनेजर म्हणाला, रोज असाच असतो. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल कंपाउंडमध्ये आग लागली आणि 14 माणसं गेली. त्या वेळी मी लोअर परळलाच नोकरीला होते, दुसऱ्या दिवशी त्या गेटसमोरून चालत गेले होते. जिना मोकळा झाल्याशिवाय दार उघडणार नाही, असं मी सांगितलं. दोन पोरांनी पाऊण तासात तो रिकामा केला. मी वाद घातला नाही, त्यांनीही नाही.

त्याआधीची चार वर्षं मी एका इव्हेंट कंपनीत होते. लग्नं, कंपन्यांचे वार्षिक मेळावे, मधूनच एखादा मोठा कॉन्सर्ट. कामात वाईट काही नव्हतं. टेक रायडर, म्हणजे बँडला स्टेजवर काय काय लागतं त्याची यादी, वाचायला, साउंडवाल्याशी, लाइटवाल्याशी, टेम्पोवाल्याशी बोलायला मी तिथेच शिकले. पण वाजवणाऱ्यांचे पैसे नव्वद दिवसांनी निघायचे, आणि ते कधी येणार हे सांगणारा फोन उचलायचं काम माझ्याकडे होतं. एका गिटारवाल्या मुलानं साडेतीन हजारांसाठी मला चार महिने फोन केला. शेवटी शेवटी तो पैशांचं विचारायचाच नाही, "कशा आहात ताई?" एवढंच म्हणायचा आणि गप्प राहायचा. त्या गप्प राहण्यामुळे मी ती नोकरी सोडली.

माझे मामा आयुष्यभर मराठी नाटकांचे व्यवस्थापक. दादरला शिवाजी मंदिरच्या बुकिंगच्या खिडकीशी त्यांची अर्धी हयात गेली. मी धंद्यात पडते म्हटल्यावर घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला, मामानं फक्त विचारलं, "नाईट किती ठरवलीस?"

नाटकात प्रयोगाच्या मानधनाला नाईट म्हणतात. ती त्याच रात्री, पाकिटातून, प्रयोग संपला की हातात. मामाच्या लेखी बुकिंग हाऊसफुल्ल असो की पहिल्या चार रांगाही भरलेल्या नसोत, नाईट ठरली म्हणजे ठरली. प्रयोग चालण्या न चालण्याची जोखीम निर्मात्याची, नटाची नाही.

"आदल्या दिवशी बँकेतून काढ आणि पाकिटं आधी भर," तो म्हणाला. "नावं टाक, चिकटव आणि पिशवीच्या तळाशी ठेव. प्रयोग पडला की रात्री मोजताना माणसाचं मन मागे-पुढे होतं. मी पाहिलंय."

मी तसंच केलं. बँडचे चौघे, प्रत्येकी तीन हजार. वरळी कोळीवाड्यातला रॅपर आणि त्याचा डीजे मिळून आठ. सुरुवातीला एकटी गिटार घेऊन गाणाऱ्या मुलीला चार. चोवीस हजार, सात पाकिटं. ड्रमचा संच आणि अॅम्प भाड्यानं आणायला टेम्पोसकट चौदा हजार, साउंड इंजिनीअरचे पाच, पोस्टर काढणाऱ्या मुलीचे तीन, लायसन्स आणि त्यांच्या धावपळीचे नऊ. एकूण पंचावन्न.

लायसन्सचं नव्यानं उतरणाऱ्यांना सांगायलाच हवं, कारण मला ते कुणी एका जागी बसवून सांगितलं नाही. बारकडे दारूचा परवाना आहे म्हणजे तुमचा शो झाला, असं नसतं. कार्यक्रमाची पोलिसांची परवानगी वेगळी. गाण्याचे शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं लायसन्स वेगळं, आणि दोन बँडच्या मधे डीजे रेकॉर्ड लावणार असेल तर त्या रेकॉर्डिंगसाठी पीपीएल या दुसऱ्या संस्थेचं वेगळं. दाराशी वय तपासायला माणूस लागतो, कारण आपल्या राज्यात बीअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. मी दोन रंगांच्या पट्ट्या आणल्या होत्या, पिवळी आणि लाल. तिकीट 499 ला ठेवलं, कारण गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही.

सौदा साधा होता: गेट, म्हणजे तिकिटांचे पैसे, माझं, बार त्यांचा. निदान मला तो साधा वाटला होता. साडेसहाला मॅनेजर जवळ आला. "मॅडम, बारच्या मिनिममचं लक्षात आहे ना? साठ हजार." महिन्यापूर्वी मालक फोनवर म्हणाले होते, "साठेक हजारांचा बार तरी व्हायला पाहिजे." मी ते अपेक्षा म्हणून ऐकलं, त्यांनी ते अट म्हणून सांगितलं होतं. बार कमी झाला तर फरक मी भरायचा. कागदावर काही नव्हतं, व्हॉट्सअॅपवरही नाही. बाहेर मिलन सबवे बंद झाल्याची बातमी एव्हाना सगळ्यांच्या फोनवर होती.

सात वाजून दहा मिनिटांनी ड्रमर आला. पँट मांडीपर्यंत भिजलेली, आणि स्नेअर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गुंडाळून, छातीशी धरून आणलेला. मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती, दोन गाड्या सोडाव्या लागल्या, म्हणाला. गाठ सोडून त्यानं पिशवी काढली, खिशातला रुमाल काढला, आणि आधी स्नेअरचं हेड पुसलं, मग रिम, मग खालच्या बाजूची तार एका बोटानं दाबून तपासली. मग त्याच रुमालानं तोंड पुसलं. मी त्याला चहा आणून दिला तेव्हा तो स्टुलाची उंची लावत होता.

ऑनलाइन 58 तिकिटं गेली होती. त्यातले 37 जण आले. दारावर आणखी 11. दीडशे जणांच्या मजल्यावर 48 माणसं म्हणजे गाणाऱ्याला समोर नुसती जमीन दिसते. इथेही मामाचीच युक्ती कामी आली. पडेल प्रयोगाला नाटकवाले मागच्या रांगांतल्या लोकांना पुढे बोलावून घेतात. मी मागची सगळी टेबलं भिंतीला लावली, मागचे दिवे पूर्ण बंद करायला लावले, आणि दोन उंच टेबलं स्टेजपासून आठ फुटांवर आणून ठेवली. लोक आपोआप उजेडाकडे सरकले. पहिल्या गाण्याला त्या मुलीचा आवाज थोडा कापला, दुसऱ्यापासून नाही. रॅपरनं कोळीवाड्यातल्या पावसावर जागच्या जागी चार ओळी जोडल्या आणि त्या अठ्ठेचाळीस माणसांनी केलेला आवाज खाली बारपर्यंत गेला.

बँड दहाला चढला. दुसऱ्या गाण्याला पोलीस आले. एक हवालदार, रेनकोटमधून पाणी गळतंय. समोरच्या इमारतीतून तक्रार होती. मी फाइल पुढे केली. त्यांनी एकेक कागद नीट पाहिला, मग बाल्कनीकडे बोट केलं. सिगारेट ओढणाऱ्यांनी काचेचं सरकतं दार उघडं टाकलं होतं.

"कागद बरोबर आहेत तुमचे," ते म्हणाले. "पण हे दार उघडं राहिलं तर कागदांचा उपयोग नाही."

ते खरं होतं. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायचा तर आवाज बंदिस्त जागेतच राहायला हवा, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे. मोकळ्या जागांचं काय झालं ते मुंबईत गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. धोबीतलावचं रंगभवन, जिथे 1986 साली इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं, ते शांतता क्षेत्रात आल्यामुळे गाण्यांना मुकलं. समोरच्या इमारतीत कुणी आजारी असेल, कुणाची सकाळची पाळी असेल, त्यांचं चुकत नव्हतं. चूक माझी होती, दाराशी माणूस ठेवायचं मला सुचलं नव्हतं. म्हणून मीच तिथे उभी राहिले. कुणी बाहेर गेलं की सरकवायचं, कुणी आत आलं की सरकवायचं. सात महिने ज्या शोसाठी घालवले तो मी स्टेजकडे पाठ करून ऐकला. काचेला तळवा टेकलेला होता आणि किक ड्रमचा प्रत्येक ठोका काचेतून हातात येत होता. शेवटच्या गाण्याला मधेच बास थांबतो आणि नुसता स्नेअर चालू राहतो. त्या आठ मात्रा मला अजून हातात आठवतात.

बाराला हिशोब झाला. बार चव्वेचाळीस हजार. फरक सोळा. गेटचे, तिकिटांच्या साइटचं कमिशन जाऊन, साधारण बत्तीस हजार येणार होते, तेही चार दिवसांनी.

"मॅडम, कॅश आहे ना तुमच्याकडे?" मॅनेजर म्हणाला. संध्याकाळी मी पिशवीतून फाइल काढताना त्यानं पाकिटं पाहिली होती. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही वर मालकाला उत्तर द्यायचं होतं. ड्रमर वायर गुंडाळता गुंडाळता ऐकत होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, आमचे अर्धे ठेवा. खरंच. नंतर द्या." बाकीचे तिघेही मान हलवत होते.

माझा हात पिशवीत होता. पाकिटं मोकळी असती तर मी सोळा हजार बाजूला काढले असते, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं. पण ती चिकटवलेली होती आणि प्रत्येकावर माझ्याच अक्षरात एकेक नाव होतं. मी सात पाकिटं काढली आणि नावं वाचून सात जणांच्या हातात दिली. मग मॅनेजरला म्हटलं, सोळा हजार माझ्यावर बाकी, सोमवारी आठ, पंधरा दिवसांनी आठ. तिथेच उभी राहून मालकांना तसा मेसेज टाकला आणि त्यांचं 'ओके' येईपर्यंत हलले नाही. ते पाच मिनिटांत आलं. त्या रात्रीपासून माझा प्रत्येक सौदा, बारच्या मिनिममसकट, लेखी असतो.

एकोणचाळीस हजारांचा खड्डा पडला होता. दोन्ही आठ हजार वेळेवर दिले. बाकीचे भरायला जानेवारी उजाडला.

सेंट्रल अजून रखडत होती आणि रिक्षा वांद्र्याच्या पुढे जात नाही, म्हणून ड्रमरला घेऊन काळी-पिवळी केली आणि दादरला मामाकडे गेले. पावणेदोनला मामानं दार उघडलं, बनियनवर, चष्मा कपाळावर. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे आणि त्याच्या काळ्या पिशवीकडे.

"पाकिटं गेली?"

"गेली."

"सगळी?"

"सातच्या सात."

तो आत वळला आणि कपाटावरची गादी काढायला लागला. "ते वाद्य फॅनखाली ठेव रे," आतून म्हणाला, "ओलं राहिलं तर खराब होईल." मग मला, गादी ओढता ओढता, "बुकिंग किती झालं?"

"अठ्ठेचाळीस आले."

"पुढची तारीख घेतलीस?"

"अजून नाही, मामा."

"मग सकाळी घे," तो म्हणाला आणि उशी माझ्याकडे टाकली.